टॉवर बंद झाला, मग विमानतळही बंद? कॅलिफोर्नियातल्या नव्या प्रायव्हेट पायलटसाठी वेळांचा आणि जादा शुल्कांचा हिशेब

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, विमान चालवायला शिकणारे मराठी लोक आता बरेच झाले आहेत. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवारी सेसना. चेकराइड, म्हणजे परवान्याची प्रत्यक्ष परीक्षा, झाली की पहिली हौस असते घरच्यांना घेऊन कुठेतरी जेवायला जायची, आणि मग मला फोन येतो: "ताई, मॉन्टेरे रविवारी संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं? आणि पैसे किती घेतात?"

मी उलट विचारते, काय उघडं असायला हवंय? रनवे, टॉवर, इंधनाचा पंप, एफबीओचं, म्हणजे विमानतळावर इंधन, पार्किंग, बसायची जागा पुरवणाऱ्या व्यावसायिकाचं, काउंटर की कस्टम्स? ही पाच वेगवेगळी दारं आहेत. प्रत्येकाची वेळ वेगळी आणि बिलही वेगळं. "विमानतळ उघडा आहे का" असा एकच प्रश्न विचारून निघालात, तर पाचपैकी कुठलं तरी एक दार बंद मिळतं, आणि जादा पैसे जातात ते बहुतेक वेळा तिथेच.

बारामती, धुळे किंवा गोंदियाला उड्डाणाचे तास भरून इकडे आलेल्यांची अडचण थोडी वेगळी असते. तिथे डोक्यात 'वॉच आवर्स' पक्के बसलेले असतात. वॉच संपला की कंट्रोलर घरी जातो आणि आपलंही उड्डाण संपतं. उशीर होणार असेल तर आधी अर्ज करून वॉच एक्स्टेंशन घ्यायचं आणि त्याचे पैसे भरायचे. शिवाय व्हीएफआर, म्हणजे नजरेने पाहून करायचं उड्डाण, सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंतच. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे विमानतळ सुमारे ५ हजार आहेत आणि टॉवर त्यातल्या जेमतेम ५०० जागी. म्हणजे टॉवर नसणं हीच इथली रोजची रीत. हाफ मून बेला टॉवर नाहीच. पालो आल्टो आणि सॅन कार्लोसचे टॉवर रात्री बंद होतात, पण रनवे तिथेच असतो, आणि दिवे, हवामान व वैमानिकाची पात्रता जुळत असेल तर उतरता येतं. त्यामुळे भारतात शिकलेली सवय इथे दोन्ही बाजूंनी फसवते. उघडं असतं तिथे आपण उगाच घाबरतो, आणि रनवे उघडा म्हणजे सगळंच उघडं असेल असं धरून चालतो.

पायरी १ : नकाशा आणि चार्ट सप्लिमेंट

सेक्शनल चार्टवर, म्हणजे वैमानिकांच्या नकाशावर, विमानतळाच्या वर्तुळाभोवती चार छोटे दात दिसतात. त्याचा अर्थ, कामकाजाच्या वेळेत इथे इंधन मिळतं आणि माणूस असतो. 'कामकाजाच्या वेळेत' हे शब्द विसरू नका. टॉवरच्या फ्रिक्वेन्सीपुढे तारा असेल तर टॉवर चोवीस तास नाही. 'एल' अक्षराआधी तारा असेल तर दिव्यांबाबत काहीतरी अट आहे. 'पीव्हीटी' लिहिलं असेल तर ती खासगी जागा आहे, परवानगीशिवाय उतरायचं नाही.

हे सगळे फक्त इशारे. खरी माहिती चार्ट सप्लिमेंटमध्ये, म्हणजे विमानतळांच्या माहिती-पुस्तिकेत, असते. ते एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन, दर ५६ दिवसांनी नवं काढते आणि फुकट मिळतं. नवे पायलट त्यात रनवेची लांबी आणि फ्रिक्वेन्सी पाहून पान मिटतात. माझं म्हणणं आहे, शेवटचा बारीक टायपातला 'रिमार्क्स'चा परिच्छेद आधी वाचा. माणूस कधी हजर असतो, लँडिंग फी आहे का, रात्री कुठला रनवे वापरायचा नाही, आवाजाचे नियम काय, टाय-डाऊनला, म्हणजे विमान बांधून ठेवायला, साखळ्या आहेत की दोर स्वतःचे आणायचे, हे सारं तिथेच मिळतं.

इंधनाचा प्रकारही तिथेच तपासा. सॅन होजेजवळच्या रीड-हिलव्ह्यूला १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने हंड्रेड एलएल या शिसंयुक्त इंधनाची विक्री थांबवली आणि शिसंविरहित इंधन ठेवलं. पंप उघडा असला तरी त्यातलं इंधन तुमच्या इंजिनाला मान्य आहे का, हा प्रश्न वेगळा. विमान भाड्याचं असेल तर तो निर्णय तुमचा नाही, फ्लाइंग क्लबला विचारायचं.

पायरी २ : वेळेचं गणित

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण शिकलेली, हुशार मंडळी याच ठिकाणी चुकतात.

चार्ट सप्लिमेंटमधल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असतात, शेवटी 'झेड' अक्षर. कॅलिफोर्निया हिवाळ्यात यूटीसीच्या ८ तास मागे, उन्हाळ्यात ७ तास मागे. भारतात साडेपाच तास मिळवले की वर्षभर काम भागतं, इथे घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं. त्यासाठी सप्लिमेंटमध्ये वेळेपुढे दुहेरी काटे असलेल्या खांबासारखी एक छोटी खूण छापतात. तिचा अर्थ, उन्हाळी वेळ लागू असताना छापलेली यूटीसी वेळ एक तास अलीकडे धरायची.

समजा, 'हजेरी १६०० ते ०१०० झेड' आणि पुढे ती खूण आहे. हिवाळ्यात ८ वजा करा: सकाळी ८ ते संध्याकाळी ५. उन्हाळ्यात आधी एक तास मागे घ्या, १५०० ते ०००० होतं, मग ७ वजा करा: पुन्हा सकाळी ८ ते संध्याकाळी ५. म्हणजे स्थानिक घड्याळ बदलत नाही, काउंटरवरचा माणूस वर्षभर ५ वाजता घरी जातो. ही खूण न पाहता जुलैमध्ये नुसते ७ वजा केले तर उत्तर संध्याकाळी ६ येतं, आणि तुम्ही साडेपाचला कुलूपबंद दारासमोर उभे राहता.

नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तात्पुरत्या सूचनांमध्ये, मात्र ही खूण नसते. तिथे जी यूटीसी वेळ लिहिली आहे तीच खरी, अलीकडे-पलीकडे काही करायचं नाही. नोटॅममधली वेळ दहा आकड्यांत असते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं. उदाहरणार्थ २६०७१५०३०० ते २६०७१५१३००. वाचताना वाटतं, १५ जुलैला काहीतरी आहे. पण १५ जुलैचे ०३०० झेड म्हणजे इथे १४ जुलैची रात्र, ८ वाजता. रनवे मंगळवारी रात्री ८ ते बुधवारी पहाटे ६ बंद आहे, आणि तुम्ही "आपण तर मंगळवारी जातोय" म्हणून निवांत असता. कॅलिफोर्नियात संध्याकाळच्या प्रत्येक नोटॅमची तारीख एक दिवस पुढची दिसते. वहीत स्थानिक वाराचं नाव लिहायची सवय लावा, तारखेपेक्षा वार लवकर डोळ्यात भरतो.

पायरी ३ : नोटॅम, निघायच्या आदल्या रात्री आणि निघताना

दोनदा पाहायचे. रनवे बंद, टॉवरच्या वेळा बदललेल्या, पंप नादुरुस्त, दिवे बंद, हे सगळं नोटॅममध्ये येतं. उड्डाणाआधी मिळेल ती सगळी माहिती करून घ्यायची जबाबदारी नियमानेच, ९१.१०३ कलमाने, पायलटवर टाकली आहे. पण काउंटरवरच्या पोराला बरं नाही म्हणून ते आज लवकर बंद होतंय, हे कुठल्याही नोटॅममध्ये येत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी ४ : फोन करा

आपल्याकडे लग्नाच्या हॉलपासून डॉक्टरच्या वेळेपर्यंत सगळं आपण फोनवर विचारतो. विमानाच्या बाबतीत मात्र अ‍ॅपवर दिसतंय तेवढ्यावर विसंबतो. असं करू नका. एफबीओला फोन करायचा आणि एका दमात सांगायचं: विमान कुठलं, टेल नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) काय, किती वाजता येणार, किती वेळ थांबणार, रात्रीचा मुक्काम आहे की नाही. मग विचारायचं:

"आमच्या सिंगल-इंजिन पिस्टन विमानाला एकूण किती पैसे पडतील? लँडिंग, रॅम्प, हँडलिंग, सिक्युरिटी, सगळं धरून. किती गॅलन इंधन घेतलं तर माफ होतं? त्यातलं काय माफ होतं आणि काय होत नाही? तुमच्या वेळेनंतर आलो किंवा निघालो तर वेगळे पैसे आहेत का? फाटकाचा कोड काय?"

'रॅम्प फी (विमान उभं करायचे पैसे) आहे का' असं विचारलं तर 'नाही' असं उत्तर येऊ शकतं, आणि बिलात 'फॅसिलिटी फी' निघते. नावं हवी तेवढी आहेत. म्हणून एकूण आकडा विचारा, आणि ज्यांनी सांगितला त्यांचं नाव व वेळ टिपून ठेवा.

मोठा सामना, गाड्यांचं प्रदर्शन, असं काही त्या गावात असेल तर 'स्पेशल इव्हेंट फी' आणि आगाऊ आरक्षण दोन्ही असू शकतं. बेत ठरवण्याआधी त्या गावात त्या दिवशी काय आहे, तेही पाहून घ्या.

पायरी ५ : कुठले पैसे कशाचे

लँडिंग फी विमानतळाची. ती बहुधा विमानाच्या कमाल वजनावर, हजार पौंडांमागे ठरते. सेसना १७२ एस २,५५० पौंडांची. काही ठिकाणी पुढचा पूर्ण हजार धरतात, म्हणजे ३ हजारांचे पैसे. छोट्या खासगी विमानांना पुष्कळ विमानतळ लँडिंग फी लावतच नाहीत. सांता मोनिका लावतो. कॅटलिना बेटावरचा 'एअरपोर्ट इन द स्काय' एका संवर्धन संस्थेच्या मालकीचा आहे, तिथेही फी आहे. तिथे इंधन मिळत नाही आणि रनवेला दिवे नाहीत, म्हणजे ते शुद्ध दिवसाचं काम. १,६०२ फुटांवरचा तो रनवे मधे असा फुगलेला आहे की उतरताना पलीकडचं टोक दिसत नाही. पहिल्यांदा जाताना इन्स्ट्रक्टर बरोबर घ्या, ते पैसे वाचवण्याचे नाहीत.

रॅम्प, हँडलिंग, फॅसिलिटी ही एफबीओची शुल्कं. शुल्क पुष्कळदा ठरावीक गॅलन इंधन घेतल्यावर माफ होतं, आणि नवे पायलट इथे हमखास एक चूक करतात. समजा, रॅम्प फी २५ डॉलर आहे आणि १५ गॅलन घेतले तर माफ. पण इथलं इंधन तुमच्या घरच्या सेल्फ-सर्व्ह पंपापेक्षा गॅलनमागे दीड डॉलर महाग. पंधरा गॅलनला साडेबावीस डॉलर जादा, म्हणजे वाचले फक्त अडीच. आता वजन बघा. एक गॅलन सुमारे ६ पौंड, पंधरा गॅलन म्हणजे ९० पौंड. विमानात चार माणसं असतील, आईबाबा भारतातून आलेले असतील आणि मागे त्यांच्या बॅगा असतील, तर हे ९० पौंड तुम्हाला कमाल वजनाच्या पलीकडे नेऊ शकतात. फी भरा आणि हलके निघा. अडीच डॉलरांसाठी वजनाचं गणित मोडायचं नाही.

टाय-डाऊन म्हणजे विमान बांधून ठेवायचं रात्रीचं भाडं. दुपारी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला पुष्कळ ठिकाणी ते पडत नाही. एफबीओच्या दारासमोर न थांबता विमानतळाच्या स्वतःच्या 'ट्रान्झिएंट' जागेत थांबलात तर रॅम्प फीही टळू शकते. ती जागा कुठे आहे, हे टॉवरला किंवा विमानतळ कार्यालयाला विचारलं तर सांगतात.

आणि कॉल-आउट. वेळेनंतर माणसाला घरून बोलावायचे पैसे.

दोन वर्षांपूर्वी आई नाशिकहून आली होती. तिला समुद्रकाठच्या एका गावी नेलं. रविवारी काउंटर बंद व्हायच्या पाऊण तास आधी पोचलो, रमतगमत जेवलो, किनाऱ्यावर चाललो. परत आलो तेव्हा साडेसहा. काउंटर पाचला बंद झालेलं, आणि तिथे सेल्फ-सर्व्ह नव्हतं, फक्त टँकर. घरी पोचण्याइतकं इंधन होतं. पण रात्रीच्या व्हीएफआरला पोचल्यावरही ४५ मिनिटांचं इंधन शिल्लक राहायला हवं, दिवसाला ३० चालतं. दिवसा निघालो असतो तर बसत होतं, रात्री बसत नव्हतं. दारावरच्या नंबरवर फोन केला. तो माणूस चाळीस मिनिटांनी आला, अगदी सज्जन होता. त्याच्या येण्याचे पैसे इंधनापेक्षा जास्त झाले. तोवर समुद्रावरून धुकं आत सरकलं आणि आमचा मुक्काम पडला. टाय-डाऊन, हॉटेल, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी. काउंटरची वेळ आणि सेल्फ-सर्व्ह नाही ही गोष्ट, दोन्ही सप्लिमेंटच्या रिमार्क्समध्ये होती. मी लँडिंगची वेळ तपासली होती, निघायची नाही. तेव्हापासून प्रत्येक दाराची वेळ मी दोनदा तपासते, एकदा पोचण्याच्या वेळेशी आणि एकदा निघण्याच्या. घरच्यांना जेवायला नेताना निघण्याच्या वेळेत एक तास जादा धरते. किनाऱ्यावरच्या विमानतळांना, म्हणजे हाफ मून बे, वॉटसनव्हिल, मॉन्टेरे, उन्हाळ्यात संध्याकाळचं धुकं नेहमीचं आहे. तिथे जाताना औषधं बरोबर घेते.

पायरी ६ : सगळं बंद झाल्यावर उतरायचं असेल तर

टॉवर बंद झाला की तिथला क्लास डी, म्हणजे टॉवरच्या नियंत्रणातलं हवाई क्षेत्र, उरत नाही. तो क्लास ई किंवा जी होतो, सप्लिमेंटमध्ये लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी टॉवरचीच फ्रिक्वेन्सी सीटीएएफ, म्हणजे वैमानिकांनी आपसात बोलायची सामाईक फ्रिक्वेन्सी, म्हणून वापरतात. परवानगी द्यायला कोणी नाही, पण आपण कुठे आहोत हे बोलत राहायचं. एटीआयएसवरचं (विमानतळाच्या ध्वनिमुद्रित निरोपातलं) हवामान जुनं असू शकतं, त्यामुळे स्वयंचलित हवामान केंद्राची, एएसओएस किंवा एडब्ल्यूओएसची, फ्रिक्वेन्सी लिहून ठेवा.

दिवे पायलटने पेटवायचे असतील तर माइकचं बटण दाबायचं: पाच सेकंदांत सात वेळा दाबलं की सर्वांत तेज, पाच वेळा मध्यम, तीन वेळा मंद. आधी सातच दाबा, मग हवे तर कमी करा. दिवे १५ मिनिटं राहतात. पॅटर्नमध्ये (उतरण्यासाठी विमानतळाभोवती घ्यायच्या ठरलेल्या मार्गात) शिरताना पुन्हा सात वेळा दाबा, म्हणजे फायनलवर, उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, अंधार होणार नाही. फ्रिक्वेन्सी नेहमी सीटीएएफच असते असं नाही, आधी तपासा. रात्री प्रवासी बरोबर असतील तर गेल्या ९० दिवसांत सूर्यास्तानंतर एका तासाने सुरू होणाऱ्या काळात तीन टेक-ऑफ आणि पूर्ण थांबून तीन लँडिंग झालेली हवीत.

सेल्फ-सर्व्ह पंप असेल तर तो बहुधा चोवीस तास चालतो आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतो. आधी अर्थिंगची क्लिप लावा, मग नळी. कार्डवर आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतात, ती काही दिवसांनी सुटते. पावती घ्या. भाड्याच्या विमानात क्लब तिचे पैसे परत देतो, बहुधा आपल्या घरच्या दरानेच.

फाटकाचं मात्र नीट लक्षात ठेवा. बाहेर पडताना ते आपोआप लागतं, आत यायला कोड लागतो. कोड न घेता बाहेर पडलात तर तुमचं विमान जाळीपलीकडे दिसत राहतं आणि तुम्ही रस्त्यावर.

रात्रीचे निर्बंध

काही विमानतळ उघडे असतात पण रात्री आवाजावर बंधन असतं. सॅन होजेला रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसहा कर्फ्यू आहे, तो मुख्यतः मोठ्या, आवाजी विमानांवर. सांता मोनिकाला रात्री ११ पासून सकाळी ७ पर्यंत, शनिवार-रविवारी ८ पर्यंत, निघता येत नाही, आणि एका उड्डाणाला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. २०१७ च्या समझोत्यानुसार ३१ डिसेंबर २०२८ नंतर तो विमानतळ बंद करण्याचा हक्क शहराला मिळाला आहे. ज्यांना तिथे उतरायचं आहे त्यांनी फार लांबणीवर टाकू नये.

सीमेपलीकडून येताना

कस्टम्सचं दार सर्वांत कडक. ई-एपिसमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या ऑनलाइन प्रणालीत, प्रवाशांची यादी उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी भरायची, जातानाही आणि येतानाही. उतरायच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना आधी फोन करून परवानगी आणि वेळ ठरवायची. फक्त फॉर्म भरला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. मेक्सिकोहून येताना सीमेजवळच्या ठरलेल्या विमानतळावरच आधी उतरावं लागतं, आपल्याकडे सॅन दिएगोचं ब्राउन फील्ड किंवा कॅलेक्सिको. विमानाला वर्षाचा कस्टम्स डीकॅल (स्टिकर) लागतो, क्लबच्या विमानाला तो आहे का ते विचारा. काही विमानतळ 'यूझर फी' प्रकारचे असतात, तिथे तपासणीचे वेगळे पैसे विमानतळ घेतो. आणि व्हिसावर असाल तर पासपोर्टवरचा शिक्का चालू आहे का, हे विमानाच्या कागदांआधी बघा.

महिन्याभराने येणारं बिल

काउंटरवर कोणी नव्हतं म्हणजे पैसे चुकले असं धरू नका. एडीएस-बी, म्हणजे विमान आपलं स्थान प्रसारित करतं ती यंत्रणा, तिच्या संदेशांवरून कोण उतरलं हे कळतं, आणि बिल विमानाच्या नोंदणीकृत मालकाला टपालाने जातं. भाड्याच्या विमानात ते आधी क्लबकडे जातं आणि मग तुमच्या खात्यावर चढतं, कधी वर हाताळणी खर्चासकट. म्हणून क्लबच्या नियमांत लँडिंग फी, टाय-डाऊन आणि कॉल-आउट कोण भरतं, ते सही करण्याआधी वाचा.

बिल आलं की टेल नंबर, तारीख आणि किती लँडिंग धरलीत, ते तपासा. इथेही तारीख यूटीसीने एक दिवस पुढची पडलेली असू शकते. तुम्ही नुसता लो अ‍ॅप्रोच करून न उतरता वर गेला असाल आणि तो लँडिंग म्हणून मोजला असेल, तर टॅब्लेटमधला ट्रॅक जोडून विमानतळ कार्यालयाला साधी ईमेल पाठवा. त्यासाठी ट्रॅक निदान तीन महिने पुसू नका.